हुपरीच्या पोरीचा कान

माझं माहेर हुपरीचं. एवढ्या एका भांडवलावर मी शिवाजी पेठेत आठ वर्षं चांदीची जाणकार म्हणून मिरवले.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाच्या सोप्यात पैंजण घडतात, कुणाच्या माडीवर घुंगरं. आमच्या घरात मात्र पाढे घडायचे. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या घरातली चांदी म्हणजे माझ्या पायातले वाळे, आणि तेही माझे पाय वाढल्यावर मोडून झाले. पण ही हकिगत पेठेतल्या बायकांना कोण सांगणार? मी तरी सांगितली नाही.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात समोरच्या दारातल्या मावशी पदराखालून एक फुलपात्र घेऊन आल्या.

"तू हुपरीची न्हवं? मग बघ की गं, ही चांदी हाय का नुसतं पाणी दिल्यालं हाय?"

पाणी दिलेलं म्हणजे आत पितळ आणि वर चांदीचा पातळ मुलामा. मला यातलं काही कळत नाही, असं त्याच वेळी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण 'मला येत नाही' हे वाक्य माझ्या घशातून वर येता येता अडकतं. आजही अडकतं. मी फुलपात्र तळहातावर घेतलं, नखानं टिचकी मारली, डोळे मिटले आणि सोनाराच्या सात पिढ्या पोटात असल्यासारखी म्हणाले, "पाणी दिलेलं आहे, मावशी."

मावशी गार पडल्या. ते फुलपात्र त्यांच्या जावेच्या माहेरचं होतं, म्हणून लगेच खूशही झाल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी तालमीच्या कट्ट्यापर्यंत गेली.

झालं. तिथून पुढं माझ्या दारात वाट्या, ताम्हनं, निरांजनं, पानाचे डबे असा राबता सुरू झाला. मी परीक्षेची एक पद्धतही बसवली. हुपरीत आसपासच्या बोलण्यातून जे कानावर पडलं होतं त्यातलं थोडं आणि पदरचं पुष्कळ. पेला असेल तर त्यात उकळता चहा ओतायचा. चांदी असली तर कड लगेच हाताला चटका देते. भांडं तळहातावर घासून वास घ्यायचा, पितळेचा उग्र वास लपत नाही. कडा आणि बूड उजेडात धरून बघायचं, कारण पाणी दिलेलं भांडं वर्षानुवर्षं घासलं की आधी तिथं पिवळं दिसू लागतं. यातलं एकही खोटं नाही, पण मला या परीक्षांचा लवकर कंटाळा यायचा. माझा सगळा भरवसा कानावर. टिचकी मारायची, नाद ऐकायचा आणि निकाल द्यायचा.

नाद ओळखायला मूळ नाद माहीत हवा, आणि तो माझ्याकडं होता. वडिलांनी लग्नात मला कुंकवाचा करंडा दिला होता. मुठीत मावेल एवढा, झाकणावर मोर. टिचकी मारली की असा गोड वाजायचा की चार अंक मोजेपर्यंत नाद विरायचा नाही. तोच माझा मापदंड. एखाद्या भांड्याबद्दल शंका आली की मी आत जाऊन करंडा एकदा वाजवून यायची आणि ते भांडं त्याच्यासारखं वाजतंय का ते ताडून बघायची. करंड्यासारखं वाजलं तर अस्सल, बद्द वाजलं तर पाणी.

आमच्याकडं हा काही गमतीचा मामला नव्हता, हे इथंच सांगून टाकते. बाईची चांदी म्हणजे तिच्या बापाची अब्रू. सोनं नवऱ्याच्या घरचं असतं, साड्या कुणाकुणाकडून येतात, पण लग्नात माहेरहून आलेलं चांदीचं भांडं बाईनं जन्मभर 'माझ्या बानं दिल्यालं' म्हणून दाखवायचं असतं. त्यात पितळ निघालं तर बाप पितळी निघाला. अशा किती बापांना मी टिचकीसरशी पितळी करून टाकलं असेल, याचा विचार करायला मला तेव्हा सवड नव्हती.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई, या सगळ्या कारभाराकडं लांबून बघायच्या. बाई खणखणीत. दारातून बोलल्या तर गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला ऐकू जायचं. फुटबॉलची मॅच असली की आपल्या तालमीच्या पोरांना घरात बसून शिव्या द्यायच्या आणि त्या मैदानापर्यंत पोचतात अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या माहेरची एक गुलाबदाणी होती. लांब मानेची, बुडाशी कमळ, जुन्या घडणीची. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेली. पेठेत कुणाचंही लग्न असो, साखरपुडा असो, गुलाबपाणी शिंपडायला ती गुलाबदाणी उसनी जायची आणि परत येताना चकाचक होऊन यायची.

आणि ती गुलाबदाणी पाण्याची होती. म्हणजे असं मी ठरवलं होतं.

पहिल्याच दिवाळीत पुसताना तिला टिचकी मारली होती. टक्. बस, एवढंच. लाकडी पाट वाजवावा तशी. मग उजेडात धरली तर मान बुडाला जिथं जोडली होती तिथं चक्क पिवळी रेघ. मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. आत्याबाई ज्या बापाचं नाव घेताना पदर सावरून बसायच्या, त्या बापानं लेकीला फसवलं होतं! आठ वर्षं हे गुपित मी पोटात ठेवलं. माझ्यासारखीनं एवढं पोटात ठेवलं, याचं मला स्वतःलाच कौतुक होतं.

मग नणंदेचं लग्न ठरलं. स्थळ कागलकडचं, ऊस, म्हशी, दारात ट्रॅक्टर. नवरा मुलगा गरीब गाय. त्याची आई मात्र अशी चोखंदळ की मुलगी बघायला आली तेव्हा आमच्या घरातली पातेलीसुद्धा उलटी करून बघितली. आणि आत्याबाईंनी जाहीर केलं की रुखवतात गुलाबदाणी मांडायची आणि लेकीला द्यायची.

त्या विहीणबाईच्या हातात ती गुलाबदाणी पडली की संपलंच. नणंदेला जन्मभर टोमणे, 'पितळ चांदी म्हणून दिलं तुझ्या आईनं.' नणंद माझी लाडकी. दोन दिवस मी तळमळले आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तोंडातून निघून गेलं.

"आत्याबाई, ती गुलाबदाणी देऊ नका. ती चांदीची न्हाय."

आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"पाणी दिल्याली हाय. मला पहिल्यापास्नं ठावं हाय."

"माझ्या बानं दिल्याली हाय ती!" आत्याबाई उभ्या राहिल्या. "बैल इकला होता त्येनं तिच्यासाठी! तू कालची पोर मला सांगतीस?"

मग व्हायचं ते झालं. त्या माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी. मधे नणंद निरोप्यासारखी फिरायची. "आई म्हणती, मीठ कुठं हाय." "वैनी म्हणती, जिथं असतं तिथंच हाय." तिसऱ्या दिवशी आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. हातात फडक्यात बांधलेली गुलाबदाणी.

"चल गुजरीला. सोनारच सांगंल काय ते."

मी पण कमी नव्हते. आत गेले आणि माझा करंडा पिशवीत टाकला. खरी चांदी कशी असते, हे सोनारासमोरच दाखवावं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितला नव्हता. स्वतःच्या हातानं घेतला.

गुजरी म्हणजे आमच्या कोल्हापूरचा सराफकट्टा. तिथला सोनार म्हातारा होता, आत्याबाईंच्या ओळखीचा. त्यानं गुलाबदाणी हातात घेतली, फिरवली, मानेजवळची पिवळी रेघ बघितली. मी लगेच बोट दाखवलं, "ते बघा, पितळ दिसतंय."

"त्यो डाग हाय, वैनी. दोन तुकडं जोडताना जो सांधा लावत्यात त्यात पितळ असतंच. सांधा पिवळा दिसणारच."

मग त्यानं बुडाची कड काळ्या कसाच्या दगडावर ओढली. पांढरी रेघ उमटली. तिच्यावर बाटलीतल्या तेजाबाचा थेंब सोडला, वर मिठाच्या पाण्याचा. रेघेवर दूध नासल्यासारखं पांढरं साकळलं. "चांदी," सोनार म्हणाला. त्यानं बुडाला कानशीनं बारीकसा ओरखडा काढून तिथंही तेच केलं. आतही चांदीच.

"मग वाजत कशी न्हाय?" माझा आवाज जरा खाली आला होता.

त्यानं बूड उलटं करून मला दाखवलं. कमळाच्या आत काळपट, घट्ट काहीतरी बसलेलं. "लाख भरल्या आत. पत्रा पातळ असतो न्हवं, चेपू नये म्हणून भरत्यात. भरल्यालं भांडं वाजंल कसं? आणि वैनी, नादावर जाऊ नका. पितळ चांदीपेक्षा झकास वाजतं. देवळातल्या घंटा काय चांदीच्या असत्यात?"

आत्याबाई नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. तिथं गप्प बसले असते तर एवढ्यावर भागलं असतं. पण मी पिशवीत हात घातला.

"बरं, मग हे बघा," म्हणून करंडा पुढं ठेवला.

सोनारानं तो उचलला. हातात तोलला, झाकण काढून आतली कड अंगठ्यानं चाचपली आणि माझ्याकडं बघून करंडा हळूच माघारी सरकवला. "ऱ्हाऊ दे की वैनी. छान हाय."

"ऱ्हाऊ दे कशाला? लावा कस."

"कशाला उगीच मोराला वरखडा?"

"लावा म्हणते ना!"

त्यानं बुडाच्या आतल्या बाजूनं, दिसणार नाही अशा जागी कानस फिरवली आणि थेंब सोडला. हिरवा फेस आला. पालापाचोळ्याच्या डबक्यावर येतो तसला. तो फसफसत होता आणि मी बघत होते. मला पहिल्यांदा आठवलं ते वडिलांचं तोंड नाही, हे कबूल करते. आठवल्या त्या आठ वर्षांतल्या वाट्या आणि ताम्हनं. ज्या नादाशी मी सगळी पेठ ताडून बघितली तो पितळेचा होता. ज्यांना अस्सल म्हणाले ती पितळेची असणार, आणि ज्यांना पाणी म्हणाले त्यातली कितीतरी चांदीची.

मग आठवले वडील. आणि मग आत्याबाई शेजारी उभ्या आहेत हे आठवलं. आता ही बाई मला सोडत नाही, असं मनात म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर मी सोडलं नसतं. गुजरीपासून शिवाजी पेठेपर्यंत दवंडी पिटली असती.

"बांधा दोन्ही," आत्याबाई सोनाराला म्हणाल्या. "येगयेगळ्या फडक्यात. घासून वरखडं पडाय नगत."

परतताना त्यांनी मला उसाच्या रसाच्या गाडीवर थांबवलं. अर्धा पेला झाल्यावर म्हणाल्या, "घरात कुणाला काय बोलायचं न्हाय. आणि ह्याच्या पुढं कुणी काय बी आणू दे, वाजवायचं न्हाय."

मी मान हलवली.

न वाजवणं सोपं होतं. आधी वाजवलेलं निस्तरणं अवघड. मागल्या गल्लीतल्या एका काकूंचं ताम्हन मी पाण्याचं ठरवलं होतं, ते त्यांनी कोंबड्यांना कण्या टाकायला घेतलं होतं. मी जाऊन म्हणाले, "काकू, ते ताम्हन एकदा सोनाराला दाखवा. माझं चुकलं असेल." काकू हसायला लागल्या. "हुपरीच्या पोरीनं सांगितल्यावर सोनार कशाला? लाजू नको गं, आमची म्हातारी फसलीच हुती." शेवटी मीच कोंबड्या हाकलून ते ताम्हन उचललं आणि बळंच त्यांना गुजरीला पिटाळलं. ते चांदीचं निघालं, तेव्हा काकू म्हणाल्या, बघा, हिला परत एकदा बघूनच कळलं होतं. माझी कीर्ती आणखी वाढली. काय करावं या बायकांना! ज्यांचं पितळ मी चांदी म्हणून पास केलं होतं, त्यांच्या दारी मात्र मी गेले नाही. तेवढा धीर नव्हता.

वडिलांचा मला संताप आला होता. गरिबीचा नव्हे. मला सांगितलं नाही, याचा. जगापुढं हसं करून घेतलं ते तुमच्यामुळं, असं त्यांना तोंडावर सुनवायचं मी ठरवून ठेवलं. वाक्यंसुद्धा पाठ केली.

लग्नाच्या दिवशी वडील सकाळच्या एसटीनं आले. धोतर, कोट, टोपी, हातात कापडी पिशवी. कार्यालयात पाहुण्यांची झुंबड. दाराशी टेबलावर आत्याबाईंनी तबक मांडलं होतं. त्यात गुलाबदाणी, आणि तिच्या शेजारी हळदीकुंकवाला माझा करंडा. तो मी ट्रंकेत तळाशी घातला होता. त्यांनी तो कधी काढला मला माहीत नाही. मी वडिलांना चहा देत होते, तेवढ्यात विहीणबाई तबकापाशी पोचल्या.

त्यांनी आधी गुलाबदाणी उचलली. टिचकी मारली. टक्. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग करंडा उचलून वाजवला. तो मेला नेहमीपेक्षाही गोड वाजला.

"ह्यो मातुर अस्सल दिसतोय," विहीणबाई म्हणाल्या. "पर ह्या गुलाबदाणीचं काय? रुखवतात देणार म्हणं. आमच्याकडचं एक पावणं सराफ हायत, हितंच हायत. बलवू का? दोन्ही एकदमच बघत्याल."

सराफ आला की गुलाबदाणी सोन्यासारखी झळकणार होती, आत्याबाईंच्या बापाचं नाव भर मांडवात निघणार होतं. पण तो दोन्ही बघणार होता. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या वडिलांकडं. वडील मान खाली घालून चहात बघत होते.

"सराफास्नी कशाला त्रास देताय?" आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मुद्दाम काढल्यासारखा लांबपर्यंत गेला. "गुलाबदाणी पाणी दिल्याली हाय, विहीणबाई. जुनी, लग्नात शिपडायला वापरतो. चुकून कुणी रुखवतात देणार म्हणालं असंल. चांदी म्हणाल तर ह्यो करंडा. हुपरीचा हाय. माझ्या सुनंच्या बानं दिलाय."

विहीणबाईंनी करंडा पुन्हा एकदा वाजवून खाली ठेवला आणि पुढं गेल्या. बैल विकून घेतलेली गुलाबदाणी तिथंच तबकात उभी होती.

मला रडू फुटलं. लग्नात बायका रडतातच, कुणाच्या लक्षात आलं नाही.

वडिलांनी कप खाली ठेवला. "सोनाराकडं गेलतीस व्हय?" त्यांनी हळू विचारलं.

"गेलते."

"सासूला ठावं हाय?"

"हाय. शेजारीच उभ्या होत्या."

"तुझ्या लग्नात तेवढंच जमलं बाळ. शेजारच्यानं पैसं न घेता पाणी देऊन दिलं. सांगीन सांगीन म्हटलं, आणि तू जगाला दाखवत सुटलीस. मग सांगाय झालं न्हाय."

पाठ केलेलं एकही वाक्य मला बोलावंसं वाटलं नाही. राग शोधून बघितला तरी सापडेना. मी त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली.

आत्याबाई आता दाराशी गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होत्या. वडील उठले. कुणाला सांगितलं नाही, टोपी काढली नाही, नुसते जाऊन आलेल्या पाहुण्यांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. आधीच एकदा त्या दारातून आत आले असूनही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही.

"अवं गुरुजी, वर बघा की," आत्याबाई म्हणाल्या. वडील वर बघेनात. मग त्या बाईनं ती जड गुलाबदाणी दोन्ही हातांनी उलटी केली आणि वडिलांच्या टोपीवर असं गुलाबपाणी ओतलं की ते नाकावरून, मिशीवरून कोटावर ओघळलं. मागची पोरं हसायला लागली. वडीलही हसत होते, आणि गुलाबपाणी पुसायच्या निमित्तानं त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.